मास्क लावला की जीव घाबरतो? फवारणी, हळद, बेदाणा आणि गुऱ्हाळाच्या कामात मास्क निवडायची, लावायची, काढायची नीट रीत

सांगलीत मार्केट यार्डाजवळ माझं छोटं दुकान आहे, हातमोजे, गमबूट, गॉगल, मास्क असलं सगळं विकतो. मास्कच्या दोनच तक्रारी येतात. एक, "ओ दादा, तुमचा मास्क लावला की जीव घाबरतो, श्वासच येत नाही." दुसरी, "मास्क लावूनसुद्धा नाकात सगळी हळद गेली." आणि गंमत अशी की बऱ्याचदा दोन्ही तक्रारी एकाच माणसाच्या असतात.

परवा एक मामा आले, हळद पॉलिश करायच्या ड्रमवर असतात. खिशातनं वापरलेला मास्क काढून काउंटरवर टाकला. उलटा करून बघितला तर मधला भाग पांढराशुभ्र आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांकडं जाणाऱ्या दोन पिवळ्याधमक रेघा. म्हणजे कापड आपलं काम चोख करत होतं, हवा मात्र कापडातनं न येता फटीतनं येत होती. खालचा पट्टा कुठंय विचारलं तर म्हणाले, "मानेला काचत होता, कापून टाकला." एकाच पट्ट्यावर लोंबकळणारा मास्क बोलताना ओठाला चिकटतो, श्वास घेताना नाकावर बसतो, मग कोंडल्यासारखं होणारच की. धूळही आत, जीवही घाबरा.

म्हणून हे सगळं एकदाच क्रमानं लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे, मधलंच एखादं वाचून सुरू करू नका.

## आधी ती ऑक्सिजनची शंका

मास्कच्या कापडातनं ऑक्सिजन अडत नाही. ऑक्सिजनचा रेणू साधारण ०.३ नॅनोमीटरचा, आणि एन९५ मास्क ज्या कणांवर तपासतात ते ०.३ मायक्रॉनचे, म्हणजे हजारपट मोठे. बेदाण्याच्या रॅकवर जाळी असते ना, बेदाणा वर राहतो आणि पाणी खाली गळून जातं, तसं समजा. बाहेर सोडलेला कार्बन डायऑक्साइडही तसाच निघून जातो. थोडासा मास्कच्या आतल्या पोकळीत राहतो आणि पुढच्या श्वासाला परत आत जातो हे खरं, पण शरीर जरासा खोल श्वास घेऊन ते भरून काढतं.

पटत नसेल तर घरात कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर पडला असेल, सेल बदला, मास्क लावून अर्धा तास अंगणात फिरा आणि बोट घाला. धडधाकट माणसाला ९५ ते १००च्या मधलाच आकडा दिसेल. बोट गार पडलेलं असेल किंवा नखाला पॉलिश असेल तर आकडा चुकतो, तेवढं बघा.

मग जीव का घाबरतो? कारण हवा ओढायला जोर लागतो, आत ऊब आणि दमटपणा साठतो, आणि आपण घाबरून भराभर वरवरचे श्वास घ्यायला लागतो. भराभर श्वासानं बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, माणसाला वाटतं ऑक्सिजन संपला, आणि तो अजून जोरात श्वास घेतो. हे खोटं नाही, त्रास खराच होतो, त्याचं कारण तेवढं वेगळं आहे. आणि घट्ट मास्क लावून उन्हात चार तास अंगमेहनत केली तर डोकं दुखणार, त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्याला इलाज म्हणजे विश्रांतीची वेळ ठरवणं, ते पुढं सांगतो.

## टप्पा १: हवेत काय आहे ते आधी ठरवा

दुकानात येऊन "चांगल्यातला मास्क द्या" म्हणणारा माणूस मला नको असतो खरं तर. कशासाठी पाहिजे ते सांगा. हवेत चार प्रकारची भानगड असू शकते.

धूळ. हळद पॉलिश, हळद कांडप, मिरची कांडप, मळणी, साखर कारखान्यातला बगॅस म्हणजे उसाचं चिपाड, सिमेंट. हे घन कण, मास्कच्या कापडात अडकतात.

थेंब. फवारणी. एचटीपी पंप असो नाहीतर ट्रॅक्टरचा ब्लोअर, औषधाचे बारीक थेंब उडतात. थेंब कापडात अडकतात पण त्यातल्या औषधाची वाफ अडकत नाही, ईसी प्रकारच्या (पाण्यात टाकलं की दुधाळ होणाऱ्या) औषधात तर ते ज्यात विरघळवलेलं असतं त्या विद्रावकाचाही वास असतो. म्हणजे इथं निम्मं काम कापडाचं आणि निम्मं कोळशाच्या डबीचं, तिला कार्ट्रिज म्हणतात.

वायू. बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात, तिच्यातनं सल्फर डायऑक्साइड निघतो. गोदामात धान्याला ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात, त्यातनं फॉस्फिन निघतो. एन९५ला हे वायू दिसतसुद्धा नाहीत. जी जाळी ऑक्सिजनला वाट देते ती यांनाही देते, साधा हिशोब आहे.

हवाच नाही. बंद विहीर, पेव (हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा), गोबरगॅसची टाकी, सेप्टिक टँक. इथं कुठलाच मास्क चालत नाही, पाच हजाराचा असला तरी. याचं शेवटी सविस्तर लिहिलंय, ते वाचल्याशिवाय उठू नका.

> तपासणी: माझ्या कामात धूळ, थेंब, वायू की हवाच नाही, याचं उत्तर एका शब्दात येतंय का? येत नसेल तर औषधाच्या डब्यावरचं लेबल वाचा. लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा त्रिकोण म्हणजे "काही होत नाही" असं नसतं हां.

## टप्पा २: त्या कामाचाच मास्क घ्या

१. रुमाल, उपरणं, ओढणी, साडीचा पदर. मोठी धूळ थोडी अडते, बास. फवारणीत तर उलट धोका, कारण कापड औषधानं भिजतं आणि तेच ओलं कापड तुम्ही तासभर नाकातोंडाला दाबून बसता. ओला रुमाल बांधला की औषध लागत नाही हा गैरसमज गावोगाव आहे, कुणी पसरवला देव जाणे.

२. तीन पदरी सर्जिकल मास्क. दवाखान्यासाठी ठीक. सर्दी-खोकल्यात आपल्यामुळं दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून चांगला. बाजूनं मोकळा असतो म्हणून श्वासाला सोपा, आणि त्याच कारणानं धुळीला बिनकामाचा.

३. एन९५ किंवा एफएफपी२. धुळीच्या कामाला हाच. एन९५ म्हणजे किमान ९५ टक्के कण अडवतो, एफएफपी२ म्हणजे ९४, एफएफपी३ म्हणजे ९९, एफएफपी१ म्हणजे ८०. आपल्याकडचं मानक आयएस ९४७३, तो नंबर आणि आयएसआयची खूण छापलेली बघा. कानात अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागनं जाणारे दोन पट्टे असलेला घ्या, धुळीच्या कामाला कानाच्या दोऱ्या ढिल्या पडतात.

४. वॉल्ववाला एन९५. श्वास सोडताना बारकी झडप उघडते, आतली ऊब बाहेर जाते. उन्हातल्या धुळीच्या कामाला मी हाच देतो, जीव घाबरण्याची निम्मी तक्रार इथंच मिटते. पण सोडलेली हवा गाळली जात नाही, म्हणून आजारी माणसाशेजारी बसायला किंवा स्वतःला खोकला असताना हा नको.

५. रबरी हाफ मास्क, दोन कार्ट्रिजवाला. फवारणीला आणि औषध कालवायला. यात कणांचा फिल्टर आणि वाफेचा कोळसा दोन्ही पाहिजे. युरोपी पद्धतीचा माल असेल तर ए२पी२ किंवा ए१पी२ असं काहीतरी छापलेलं असतं, ए म्हणजे सेंद्रिय वाफ, पी म्हणजे कण. लेबलवर जे सांगितलंय ते आधी, माझं नंतर.

> इशारा, रंगावर जाऊ नका: युरोपी पद्धतीत तपकिरी पट्टी सेंद्रिय वाफेची, पिवळी सल्फर डायऑक्साइडची आणि पांढरी नुसत्या कणांची. अमेरिकन पद्धतीत सेंद्रिय वाफेला काळा आणि आम्लवायूंना पांढरा. म्हणजे तोच पांढरा रंग एकीकडं नुसती धूळ आणि दुसरीकडं वायू. "मागच्या वेळची पांढरी होती तीच द्या" असं म्हणू नका, छापलेली अक्षरं वाचा, नाहीतर जुनी डबी सोबत घेऊन या.

दोन मास्क एकावर एक लावू नका, निदान एन९५वर दुसरा एन९५ तरी नाहीच. श्वासाला जोर दुप्पट लागतो, आणि जोर वाढला की हवा बाजूच्या फटीतनं यायला बघते. आगीतनं फुफाट्यात.

## टप्पा ३: मास्कच्या आधी स्वतःची तयारी

हा टप्पा सगळे गाळतात.

दाढी. मास्कची कड जिथं कातडीला टेकते तिथं केस नकोत. दोन दिवसांची खुंटं असली तरी फट राहते. मिशी आत मावत असेल तर चालते, कडेखाली आली तर नाही. दाढी ठेवायचीच असेल तर हे मास्क तुमच्यासाठी नाहीत, तोंडावर सांगितलं की राग येतो लोकांना पण खरं तेच आहे.

तंबाखू. तोंडात बार भरून मास्क लावणारे किती बघितले. दर पाच मिनिटाला मास्क खाली ओढायचा, थुंकायचं, त्याच औषधाच्या बोटांनी परत वर ओढायचा. मास्क नसता तर निदान बोटं नाकाला लागली नसती! काम संपून हात-तोंड धुईपर्यंत तंबाखू, मिसरी, बिडी बंद.

दारू. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या काडीला पेस्ट लावता, त्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. हे आणि दारू अंगात एकत्र आली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, बीपी खाली येतं, श्वास लागतो. आणि माणूस सांगतो काय, "मास्कनं कोंडलं." आदल्या दिवसापासून ते काम संपल्यावरही पुढचे काही दिवस एक थेंब नको. लेबलवर मुदत दिलेली असते ती बघा. हातमोजे तर पाहिजेतच, ते कातडी जाळतं.

आजार. दमा, हृदयाचा त्रास, जुना फुफ्फुसाचा आजार असेल तर घट्ट मास्क लावून अंगमेहनतीचं काम करण्याआधी डॉक्टरला विचारा. दम्याचा पंप घरी फडताळात नको, खिशात पाहिजे. गरोदर बाईनं फवारणीच्या आणि पेस्टिंगच्या कामालाच जाऊ नये, मास्कचा प्रश्नच येत नाही.

लहान मुलं. दोन वर्षांच्या आतल्या पोराला कसलाच मास्क लावायचा नाही. झोपलेल्या, बेशुद्ध, किंवा स्वतःच्या हातानं मास्क काढू न शकणाऱ्या माणसालाही नाही. मास्क लावून पळायला जाणं, टेकडी चढणं हेही नको. साताऱ्यात पहाटे अजिंक्यताऱ्याच्या चढाला एक पोरगं एन९५ लावून पळताना बघितलंय मी, स्टॅमिना वाढतो म्हणे. काय बोलणार.

घरी सराव. नवा मास्क थेट बागेत नेऊन लावू नका. आदल्या दिवशी घरी दहा मिनिटं लावून बसा, मग अर्धा तास किरकोळ काम करा. हवा ओढायला किती जोर लागतो हे शरीराला कळलं की बागेत धास्ती बसत नाही. कामाला येणाऱ्या बायकांना मी हे सांगतो तेव्हा त्या आधी हसतात, मग त्यातल्याच एक आक्का येऊन म्हणाल्या, "घरी लावून भाकरी थापल्या, मग बागेत काही वाटलं नाही." भाकरी थापताना लावा असं मी सांगितलं नव्हतं, चुलीपाशी नका लावू, पण मुद्दा कळला.

## टप्पा ४: लावायची रीत

एन९५ किंवा एफएफपी२, दोन पट्ट्यांचा:

१. हात धुवा. टोपी, चष्मा, गॉगल काढा. बायकांनी स्कार्फ किंवा पदर आधी बांधायचा नाही, मास्कनंतर बांधायचा. कडेखाली कापड आलं की फट राहते.

२. मास्क तळहातावर धरा, नाकाची पट्टी बोटांच्या टोकाकडं, पट्टे खाली लोंबू द्या.

३. हनुवटीपासनं सुरुवात. आधी हनुवटी आत, मग नाक.

४. वरचा पट्टा डोक्याच्या मागं, उंचावर, कानांच्या वर. खालचा पट्टा कानांच्या खालनं मानेवर. दोन्ही पट्टे मानेवर घेऊ नका, एकमेकांवर फुलीही मारू नका. आणि कापू तर नकाच.

५. नाकाची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी मधनं बाहेर दाबत न्या. एका हातानं चिमटीत धरून दाबली की मधे टोक होतं आणि बाजूला दोन बोगदे राहतात. मामांच्या मास्कवरच्या दोन पिवळ्या रेघा म्हणजे हेच बोगदे.

६. आता चष्मा, गॉगल, टोपी.

> तपासणी: दोन्ही तळहातांनी मास्क हलका झाका, दाबू नका. जोरात श्वास सोडा. डोळ्यांना वारा लागला तर नाकाची पट्टी परत बसवा, कानाकडं लागला तर पट्टे मागं सरकवा. वॉल्ववाला असेल तर झाकून श्वास आत ओढा, मास्क तोंडाकडं जरासा खेचला गेला पाहिजे. चष्म्यावर वाफ जमते म्हणजे वरनं फट आहे, चष्म्याला दोष देऊ नका.

रबरी मास्कला तपासणी अजून सोपी. दोन्ही कार्ट्रिज तळहातांनी बंद करा आणि श्वास आत ओढून धरा. मास्क चेहऱ्याला चिकटून दहा सेकंद तसाच राहिला तर ठीक. हळूहळू सुटला तर कुठंतरी हवा शिरते, पट्टे समान ओढा, दोन्ही बाजू एकदम. मग पुढची झडप तळहातानं झाकून हळू श्वास सोडा, मास्क फुगल्यासारखा होऊन कडेनं हवा फुटली नाही पाहिजे. हे रोज करायचं, एकदाच विकत घेतल्यावर नाही.

## टप्पा ५: काम करताना

सगळ्यात घातक वेळ फवारणीची वाटते, पण औषध खरं जहाल असतं ते डबा फोडताना आणि टाकीत ओतताना. पाणी मिसळायच्या आधीचं शुद्ध औषध. आणि नेमकं तेव्हाच लोक म्हणतात, "आता कालवून घेतो, मास्क फवारताना लावू." उलटं करा. मास्क, मोजे, गॉगल चढवल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. वाकून टाकीत तोंड घालायचं नाही, आणि हातानं ढवळायचं तर मुळीच नाही, काठी कशाला असते.

फवारताना वारा पाठीमागनं किंवा बाजूनं घ्या, तोंडावर नको. द्राक्षावर डाऊनी आणि भुरी हे रोग येतात त्या दिवसात फवारण्या एकापाठोपाठ एक असतात, माणूस कंटाळतो, हे कळतं. पण दुपारच्या उन्हात फवारू नका. औषधालाही ते बरं नाही आणि मास्कमध्ये तुम्हालाही नाही.

पहिली दहा मिनिटं हळू काम करा. नाकानं श्वास घ्या, सोडताना सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. घाबरल्यासारखं वाटलं की हात थांबवा, उभं राहा, पाच-सहा श्वास असेच सावकाश. बहुतेक वेळा तेवढ्यात उतरतं.

दर तासाला, उन्हात तर त्याच्याही आधी, सुट्टी घ्या. सुट्टीची रीत अशी:

१. पंप बंद करा.

२. वाऱ्याच्या वरच्या बाजूला, धुळीपासनं, फवाऱ्यापासनं लांब चालत जा. ओळीतच उभं राहून मास्क खाली ओढायचा नाही.

३. मोजे घातलेले हात साबणानं धुवा, मोजे काढा, हात परत धुवा.

४. मगच मास्क काढा, पाणी प्या, दहा मिनिटं सावलीत बसा.

मास्क भिजला की बदला. घामानं, पावसानं, औषधानं, कशानंही. ओल्या कापडातनं हवा ओढायला फार जोर लागतो, "श्वास येत नाही" या तक्रारीतली मोठी वाटणी ओल्या मास्कची असते. दिवसाला दोन सुके मास्क पिशवीत ठेवा, पावसाळ्यात साताऱ्या-जावळीकडं असाल तर तीन ठेवा. गळ्यात लोंबता ठेवू नका, गळ्यावरचा घाम आणि औषध त्याच्या आत लागतं.

> इशारा, हा मास्कचा त्रास नाही: तोंडाला लाळ सुटणं, डोळ्यातनं पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणं, अंधुक दिसणं, मळमळ, उलटी, घाम फुटणं, हातपाय थरथरणं, छातीत घरघर. हे फवारणीच्या औषधाचं विष चढल्याचं लक्षण. मास्क काढून सावलीत बसून बरं वाटायची वाट बघू नका.

असं झालं तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला बाहेर न्या, अंगावरचे कपडे काढा, साबण-पाण्यानं अंग धुवा, १०८ लावा किंवा गाडीत घालून दवाखाना गाठा, आणि औषधाचा डबा किंवा लेबल सोबत न्या. डॉक्टरला नाव कळलं की उपचार लगेच ठरतो. दूध, तूप, मिठाचं पाणी काहीही पाजू नका, बोटं घालून उलटी काढू नका. मदत करणाऱ्यानंही मोजे घालायचे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. आणि एक गोष्ट, औषध नाकातनं जातं तसं कातडीतनंही जातं, बऱ्याचदा जास्त जातं. भारी मास्क आणि खाली हाफ पँट, असं करणाऱ्याला काय म्हणावं.

## टप्पा ६: काढणं, ठेवणं, टाकणं

काढायचा क्रम लावायच्या उलटा. आधी मोज्यासकट हात धुवा, मग गमबूट, कपडे, गॉगल काढा, आणि त्यानंतर मास्क. पुढच्या भागाला हात न लावता आधी खालचा पट्टा, मग वरचा, पुढं झुकून. नंतर मोजे, मग अंघोळ. बरेच लोक दमून आल्यावर पहिल्यांदा मास्कच ओढून काढतात, तेही औषधाच्या हातानं.

एन९५ धुवायचा नाही, सॅनिटायझर मारायचा नाही. त्याच्या आतल्या तंतूंवर विजेचा भार असतो, कण त्यालाच चिकटतात. साबण आणि स्पिरिटनं तो भार जातो. दिसायला मास्क तोच, आत काही राहिलेलं नसतं. धुऊन वाळत टाकलेले एन९५ मी दोरीवर चिमट्यात लटकलेले बघतो तेव्हा हळहळ वाटते.

धुळीच्या कामाचा मास्क कोरडा, न फाटलेला, पट्टे ताणलेले नसलेला असेल तर कागदी पिशवीत ठेवून परत वापरता येतो, श्वासाला जड लागेपर्यंत. जड लागला म्हणजे धुळीनं भरला. फवारणीत वापरलेला फेकायचा मास्क मात्र त्याच दिवशी टाका, चुलीत जाळू नका.

रबरी मास्कचं रबर कार्ट्रिज काढून साबणानं धुवा, सावलीत वाळवा, झडप स्वच्छ आहे का बघा, तिथं एक केस अडकला तरी गळते. कार्ट्रिज धुवायची नाही. ती झिपच्या पिशवीत घट्ट बंद करून ठेवा, कारण कोळसा कुठंही ठेवला तरी हवेतलं ओढतच राहतो. औषधाच्या खोलीत खिळ्याला टांगून ठेवलेली कार्ट्रिज महिन्याभरात न वापरताच संपते.

> तपासणी: मास्क नीट बसलेला असताना औषधाचा वास किंवा चव यायला लागली की कार्ट्रिज संपली. बाहेर या, बदला. पुढच्या फवारणीपर्यंत "चालवून घेऊ" नाही. मुदतीची तारीखही बघा.

## टप्पा ७: जिथं मास्क लावून जायचंच नाही

मास्क हवा गाळतो, तयार करत नाही. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५च्या खाली गेला की ती जागा धोक्याची धरतात. तिथं कार्ट्रिजवाला मास्क लावून गेलात तर उत्तम गाळलेली, ऑक्सिजन नसलेली हवा मिळते.

बेदाण्याच्या धुरीची खोली. गंधक पेटवा, दार लावा, बाहेर या. झाल्यावर दारं-खिडक्या बाहेरनं उघडा, वारा खेळू द्या, घशाला खवखव लागायची पूर्ण थांबल्यावरच आत. दमेकरी माणसाला या कामाला लावू नका, त्याला थोडा वासही पुरतो.

गोळ्या ठेवलेलं गोदाम. मुदत संपून, उघडून, हवा खेळवल्याशिवाय कुणी आत नाही. घरात झोपायच्या खोलीशेजारी धान्यात या गोळ्या ठेवायच्याच नाहीत.

बंद खोलीतली शेगडी. महाबळेश्वर-पाचगणीला थंडीत खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपतात, किंवा गुऱ्हाळाच्या चुलवणाशेजारी बंद खोपीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, मास्क अडवत नाही, आणि वर लिहिलेला ऑक्सिमीटरसुद्धा इथं फसतो, माणूस मरणाच्या दारात असताना ९८ दाखवतो. डोकं दुखून मळमळायला लागलं की आकडा बघत बसू नका, बाहेर मोकळ्यावर या.

पेव, विहीर, गोबरगॅस, सेप्टिक टँक. हरिपूरच्या हळदीच्या पेवांबद्दल आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. जुने लोक पेव उघडून तासन् तास मोकळं ठेवायचे, मग कंदील खाली सोडायचे, विझला तर कुणी उतरायचं नाही. शहाणी माणसं होती. पण ज्योत विझते ती ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांवर आल्यावर, म्हणजे कंदील जळतोय आणि माणसाला धोका आहे असं होऊ शकतं. गोबरगॅसपाशी तर ज्योत न्यायचीच नाही, मिथेन पेटतो. सेप्टिक टँकमधला हायड्रोजन सल्फाइड सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं. विहिरीत इंजिन उतरवून चालू केलं असेल तर त्याचा धूर खालीच साठतो.

सेप्टिक टँक आणि गोबरगॅसच्या टाकीत कुणी उतरायचंच नाही, मैला उपसणाऱ्या गाडीवाल्याला बोलवा. सुरक्षेच्या साधनांशिवाय सेप्टिक टँकच्या सफाईला माणूस उतरवण्यावर २०१३च्या कायद्यानं बंदी आहे. विहिरीत उतरणं टळतच नसेल तर:

१. झाकण, फळ्या काढून आदल्या दिवसापासनं मोकळी ठेवा.

२. ब्लोअरनं ताजी हवा तळापर्यंत सोडा, माणूस आत असेपर्यंत बंद करायची नाही.

३. ऑक्सिजन मोजायचं यंत्र आणून तळाशी, मधे, वर, तिन्ही ठिकाणी मोजा. यंत्र नसेल तर उतरू नका.

४. उतरणाऱ्याच्या अंगाला छातीपट्टा आणि दोर, वर ओढायला किमान दोन माणसं, आणि बोलणं सतत चालू. उत्तर आलं नाही की लगेच ओढायचं.

आत कुणी पडला तर मागोमाग उडी मारायची नाही. भाऊ असो, पोरगं असो. असल्या ठिकाणी एकामागनं एक तिघं-चौघं जातात ते असेच, वाचवायला उतरलेले. दोर बांधलेला असेल तर वरनं ओढा, ब्लोअर पूर्ण सोडा, १०८ आणि अग्निशमनला फोन लावा, आणि वर उभ्या असलेल्या माणसांतलं कुणी उडी मारायला धावलं तर त्याला धरून ठेवा, शिव्या खाव्या लागल्या तरी.